एक फोटो, चार कात्र्या

मुलुंड पूर्वेची आमची जुनी सोसायटी पुनर्विकासाला गेली. चाव्या बिल्डरच्या हाती देण्याआधी सगळ्यांचा एक फोटो हवा, म्हणून इमारतीसमोर तीन रांगा लावल्या. बिल्डिंगमधल्याच एका मुलाने मोबाईलवर आडवा फोटो काढला. चेहरे मोठे दिसावेत म्हणून त्याने चौकट माणसांना अगदी भिडवली. मागच्या रांगेच्या डोक्यावर बोटभर आभाळ नाही आणि पुढे सतरंजीवरच्या पोरांची पावलं काठाला टेकलेली. पडद्यावर फोटो झकास दिसत होता. पुढे लोक ठाणे, ऐरोली, डोंबिवलीला भाड्याच्या घरांत पांगले आणि इमारत पाडली गेली. स्मरणिकेचं काम माझ्याकडे आलं तेव्हा हाताशी तेवढा एकच फोटो होता.

मग एकेकाने आपापलं माप पुढे केलं.

फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा, म्हणजे चारास तीन. घरटी एक प्रिंट द्यायची होती, सहा बाय चार इंचांची. तो कागद तीनास दोन. रुंदी पूर्ण ठेवली तर उंचीतले ३३३ पिक्सेल, म्हणजे नववा हिस्सा, जाणारच. लॅबने काही न विचारता वरून-खालून सारखं कापलं. उंच मंडळींची कपाळं गेली, पोरांची पावलं गेली. लॅबवाले अशा वेळी मशीनवर सोडून देतात. ‘पूर्ण फोटो घ्या, बाजूला पांढरी पट्टी राहिली तरी चालेल’ असं पाकिटावर लिहून द्यावं, ते ऐकतात.

मुखपृष्ठ उभं, ए-फोर आकाराचं. उंची पूर्ण घेतली तर रुंदीतले जेमतेम २१२० पिक्सेल बसतात. जवळजवळ निम्मी सोसायटी पानाबाहेर! कोणती निम्मी, ए विंग की बी विंग, यावर कमिटीची एक अख्खी बैठक झाली. पार्किंगवरूनसुद्धा आमच्यात इतकं कधी पेटलं नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या डीपीसाठी चौकोन घेतला तर दोन्ही टोकांची माणसं जातात, आणि तो चौकोन गोल दिसतो म्हणून कोपऱ्यांतलीही. निरोप समारंभाचा फ्लेक्स दहा बाय तीन फुटांचा. त्यात उंचीतले १२०० पिक्सेलच मावतात, म्हणजे तीनपैकी एक रांग, आणि ती नेमकी खुर्च्यांवर बसलेल्या कमिटीची. सेक्रेटरींना ते पसंत होतं, बाकी कोणाला नाही. शेवटी मुखपृष्ठावर फोटो आडवाच, पूर्ण रुंदीने, वरच्या भागात छापला आणि खाली नाव घातलं. फ्लेक्सवर नुसती अक्षरं.

सामूहिक फोटोत कुठे कापायचं हे ठरवताना कोणाला वगळायचं हेच ठरत असतं. म्हणून मापांचा विचार फोटो काढतानाच करावा. १९७५चा ‘शोले’ आठवा. तो ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित झाला आणि ७० मिलिमीटरच्या रुंद पडद्यासाठी त्याच्या चौकटीचा वरखालचा भाग कापून चित्र मोठं केलं गेलं. कुठे कापलं जाणार हे आधीच माहीत असल्याने कॅमेऱ्याच्या काचेवर खुणा आखून दृश्यं रचली होती. आपल्या मोबाईलमध्ये तर ग्रिडच्या रेघा आयत्याच मिळतात. माणसं मधल्या भागात घ्या, वर आभाळ आणि खाली जमीन राहू द्या. दोन पावलं मागे जा. एक आडवा आणि एक उभा असे दोन फोटो काढाच.

मोकळी जागा ठेवली की चेहऱ्यांच्या वाट्याला पिक्सेल कमी येतात, हेही खरं. सहा बाय चारच्या प्रिंटला १८०० बाय १२०० पुरतात, पण भिंतीवरच्या अठरा बाय बारा इंचांना इंचामागे ३०० धरले तर ५४०० बाय ३६०० लागतात. मोबाईलमध्ये ५० मेगापिक्सेलचा पर्याय असेल तर तो अशाच दिवसासाठी. लांबून पाहायच्या फ्लेक्सला मात्र इंचामागे शंभरही पुष्कळ झाले. कॅमेऱ्यात ‘१६:९’ किंवा ‘फुल’ निवडू नका. बहुतेक मोबाईल तिथे चारास तीनचाच फोटो कापून देतात. डिजिटल झूम म्हणजेही कापणंच.

कापायचं ते प्रतीवर, मूळ फाइलवर नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होऊन पोचतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

अर्जांच्या फोटोंचं दुखणं वेगळं. बँक भरतीच्या आयबीपीएस अर्जात साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटर असंही लिहिलेलं असतं आणि २०० बाय २३० पिक्सेल असंही. ही दोन मापं एकमेकांशी जुळतच नाहीत. मुलं मग साडेतीन बाय साडेचारचा फोटो ओढूनताणून २०० बाय २३०मध्ये बसवतात आणि चेहरा रुंद होतो. फोटो ताणू नये. २००स २३० हे प्रमाण धरून कापावा, मग लहान करावा आणि फाइल २० ते ५० केबीत बसवावी.

ज्यांच्या सोसायटीच्या करारावर सह्या व्हायच्या आहेत त्यांनी चाव्या देण्याआधी एका रविवारी सकाळी सगळ्यांना खाली बोलवावं, इमारतीचं नाव दिसेल इतकं मागे जाऊन फोटो काढावेत आणि मूळ फाइली निदान दोन बिऱ्हाडांकडे ठेवाव्यात.