जुनी दोषसिद्धी आणि परदेशगमन

एक उदाहरण घेऊ. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका एकवीस वर्षांच्या तरुणाने दुकानातून हातघड्याळ उचलले. घड्याळ लगेच परत मिळाले, न्यायालयाने पाचशे रुपये दंड केला, तो भरला गेला आणि प्रकरण संपले. या गोष्टीला आता तीस वर्षे झाली. त्याची मुलगी अमेरिकेत आहे आणि तिच्या बाळंतपणासाठी त्याला पत्नीसह तिकडे जावयाचे आहे. जवळच्या आप्तांनाही ठाऊक नसलेली ही गोष्ट अर्ज भरताना अकस्मात समोर येते. आपल्याला कधी अटक वा शिक्षा झाली होती काय, या प्रश्नापुढे लेखणी थांबते.

अशा मनुष्याला दोन दारे ओलांडावी लागतात. पहिले स्वतःच्या देशातून बाहेर पडण्याचे आणि दुसरे परक्या देशात शिरण्याचे. या दोन्ही दारांवरील कायदे भिन्न आहेत आणि एका दाराचा दाखला दुसऱ्यावर चालेलच असे नाही. सामान्य नागरिकाचा गोंधळ होतो तो बहुधा येथेच.

पहिल्या दाराचा इतिहास फार जुना नाही. पासपोर्ट देणे न देणे ही सरकारची मर्जी होय, असे स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे मानले जात असे. १० एप्रिल १९६७ रोजी सतवंतसिंग सॉहनी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने ही समजूत खोडून काढली. परदेशी जाण्याचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्यातच येतो आणि कायद्याच्या आधाराशिवाय तो हिरावून घेता येत नाही, असा तो निर्णय होता. त्यामुळे संसदेला त्याच वर्षी पासपोर्ट अधिनियम करावा लागला. पुढे मनेका गांधी यांचा पासपोर्ट १९७७ मध्ये कारण न सांगता जप्त करण्यात आला, तेव्हा २५ जानेवारी १९७८ च्या निकालाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. केवळ कायदा असून भागत नाही, त्याने घालून दिलेली कार्यपद्धतीही न्याय्य व वाजवी असली पाहिजे, हे तत्त्व त्या निकालाने प्रस्थापित केले.

या अधिनियमाच्या कलम ६ मध्ये पासपोर्ट नाकारण्याची कारणे दिली आहेत. त्यांपैकी दोषसिद्धीविषयीचे कारण लोक समजतात त्याहून पुष्कळच संकुचित आहे. अर्जापूर्वीच्या पाच वर्षांच्या आत, भारतातील न्यायालयाने, नैतिक अधःपतनाच्या अपराधाबद्दल, दोन वर्षांपेक्षा कमी नाही एवढ्या कारावासाची शिक्षा दिलेली असली पाहिजे. या चारही गोष्टी एकत्र आल्याशिवाय हे कारण लागू पडत नाही. तेव्हा तीस वर्षांपूर्वीच्या दंडामुळे पासपोर्ट मिळणार नाही ही भीती निराधार आहे. चालू खटल्याची स्थिती मात्र याहून कठीण असते. फौजदारी खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. १९९३ च्या अधिसूचनेनुसार संबंधित न्यायालयाची अनुमती मिळाल्यास तो ठरावीक मुदतीसाठी दिला जातो. म्हणजे सिद्ध होऊन संपलेल्या लहानशा अपराधापेक्षा अद्याप सिद्ध न झालेला आरोप येथे अधिक आड येतो. हे विचित्र वाटले तरी त्यामागे कारण आहे. आरोपी देशाबाहेर गेला तर खटला चालवायचा कसा, ही कायद्याची चिंता असते, आणि दंड भरून मोकळ्या झालेल्या माणसाविषयी ती उरत नाही.

दुसऱ्या दारापाशी पुढला देश स्वतःच्या मापाने मोजतो. ते माप कसे चालते हे समजण्यासाठी जॉन लेनन यांच्या प्रकरणाइतके उद्बोधक उदाहरण क्वचितच सापडेल. १९६८ मध्ये लंडनमध्ये त्यांच्या राहत्या जागेत गांजाच्या झाडाचा राळ, म्हणजेच चरस, सापडला. त्यांनी गुन्हा कबूल केला आणि त्यांना १५० पौंड दंड झाला. ब्रिटनमध्ये प्रकरण तेथेच मिटले. योको ओनो यांच्या पहिल्या विवाहातील मुलीचा ताबा मिळविण्याच्या खटपटीत हे दांपत्य १९७१ मध्ये अमेरिकेत गेले. जुन्या शिक्षेमुळे लेनन यांना विशेष सवलतीनेच तात्पुरता प्रवेश मिळाला होता. त्यांच्या युद्धविरोधी भूमिकेमुळे सत्ताधाऱ्यांची त्यांच्यावर वक्रदृष्टी होती. १९७२ मध्ये त्यांना देशाबाहेर घालविण्याची कार्यवाही सुरू झाली आणि तिला आधार घेण्यात आला तो याच दंडाचा. मार्च १९७३ मध्ये ओनो यांना कायम वास्तव्याची परवानगी मिळाली आणि लेनन यांना मात्र देश सोडण्याचा आदेश मिळाला. पत्नीला राहू द्यावयाचे व पतीला हाकलावयाचे, असा हा निवाडा होता.

७ ऑक्टोबर १९७५ रोजी अपील न्यायालयाने तो रद्द केला. न्यायालयाचा तर्क बारकाईने पाहण्यासारखा आहे. अमेरिकेचा कायदा अमली पदार्थ ‘बेकायदा जवळ बाळगणाऱ्या’ व्यक्तीला बंदी करीत होता. परंतु ज्या ब्रिटिश कायद्याखाली लेनन यांना शिक्षा झाली, त्यात पदार्थ जवळ आहे हे आरोपीला ठाऊक असणे आवश्यकच नव्हते. नकळत बाळगणाराही तेथे दोषी ठरू शकत होता. अशी दोषसिद्धी अमेरिकी कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, असे न्यायाधीश कॉफमन यांनी ठरविले. जुलै १९७६ मध्ये लेनन यांना कायम वास्तव्याचा परवाना मिळाला. शिक्षा लहान होती म्हणून ते सुटले नाहीत. ज्या कलमाखाली ती झाली त्याचे शब्द त्यांच्या उपयोगी पडले.

हेच माप उलटही फिरते, आणि तेथे उदाहरणातील घड्याळ आड येते. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यानुसार नैतिक अधःपतनाचा अपराध केलेल्या परकीयास प्रवेश नाकारता येतो आणि चोरी सामान्यतः याच वर्गात मोडते. किरकोळ अपराधासाठी अपवाद आहे. परंतु त्यासाठी अपराध एकच असावा लागतो, ठोठावलेला कारावास सहा महिन्यांपेक्षा अधिक नसावा लागतो, आणि त्या अपराधाला कायद्याने देता येणारी कमाल शिक्षा एक वर्षापेक्षा अधिक असून चालत नाही. भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७९ प्रमाणे चोरीला तीन वर्षांपर्यंत कारावास होता. तेव्हा प्रत्यक्षात केवळ पाचशे रुपये दंड झालेला मनुष्यही या अपवादाबाहेर राहतो! न्यायाधीशाने दाखविलेली दया येथे मोजली जात नाही, मोजली जाते ती त्याने न वापरलेली कठोरता. त्या वेळी तो तरुण अठरा वर्षांखालील असता, तर पाच वर्षे लोटल्यावर वेगळ्या अपवादाचा लाभ त्याला मिळू शकला असता. याउलट परवान्याशिवाय मद्य बाळगल्याबद्दल महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली झालेला जुना दंड सामान्यतः नैतिक अधःपतनात गणला जात नाही, कारण तेथे निषेध केवळ कायद्याने निर्माण केलेला असतो.

तरीही दार कायमचे बंद होत नाही. तात्पुरत्या भेटीसाठी जाणाऱ्यास विशेष सवलत मागता येते. १९७८ च्या एका निर्णयाने तिच्या कसोट्या ठरवून दिल्या आहेत. त्या व्यक्तीपासून समाजाला धोका किती, मूळ अपराध किती गंभीर आणि येण्याचे कारण काय, एवढेच पाहावयाचे असते. तीस वर्षांचे निष्कलंक आयुष्य येथे उपयोगी पडते. मात्र या प्रक्रियेला वेळ लागतो, म्हणून अर्ज पुष्कळ आधी केलेला बरा.

इतर देशांची मापे आणखी निराळी आहेत. कॅनडात एकच कमी गंभीर अपराध असेल आणि शिक्षा पूर्ण होऊन दहा वर्षे झाली असतील, तर मनुष्य बहुधा पुनर्वसित मानला जातो. पण डिसेंबर २०१८ पासून मद्यपान करून वाहन चालविणे तेथे गंभीर अपराधांत गेले आहे. भारतात पहिल्या वेळी बहुधा दंडावर भागणारी ही गोष्ट वाहनचालक विसरूनही जातो, आणि कॅनडाच्या अर्जात तीच मोठी होऊन बसते. जपान एक वर्ष वा अधिक शिक्षा झालेल्यास प्रवेश नाकारतो, राजकीय अपराध मात्र वगळतो. अमली पदार्थांच्या बाबतीत मुदतीची अट नाही, कोणतीही शिक्षा पुरते. लेनन यांचे सहकारी पॉल मॅकार्टनी यांना १९७५ मध्ये जपानने याच कारणावरून व्हिसा नाकारला होता. ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्याने जुन्या शिक्षा काही काळाने ‘संपलेल्या’ मानल्या जातात, परंतु २०१२ पासून परकीयांच्या प्रवेशाच्या निर्णयात हे संरक्षण मिळत नाही.

भारतीय कायद्यातील क्षमेलाही अशीच सीमा आहे. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम १२ नुसार समज देऊन वा चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडलेल्या व्यक्तीला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. हे संरक्षण देशात मोलाचे आहे, पण परकी सरकार त्याने बांधले जात नाही. अमेरिकेचा अर्ज तर माफी मिळालेली असली तरी अटक व शिक्षा सांगा, असेच विचारतो.

मग सांगावे की लपवावे? पुष्कळ जण लपवितात, कारण इतकी जुनी नोंद कोण शोधणार असे त्यांना वाटते. हा हिशेब चुकीचा आहे. जाणूनबुजून खोटे उत्तर दिल्याचे उघड झाल्यास अमेरिका त्या व्यक्तीला आजन्म प्रवेशास अपात्र ठरवू शकते. कॅनडात पाच वर्षांची बंदी येते. मूळ अपराधाने जे झाले नसते ते एका खोट्या ‘नाही’ने होते. पासपोर्टच्या अर्जात महत्त्वाची माहिती दडविणे हा तर भारतातही दोन वर्षांपर्यंत कारावासास पात्र असा अपराध आहे.

खरे उत्तर देणाऱ्याजवळ कागद हवेत. निकालपत्राची प्रमाणित प्रत, दंड भरल्याची पावती आणि ज्या कलमाखाली शिक्षा झाली त्याचा त्या काळचा मजकूर ही त्यांतील मुख्य होत. जुन्या लहान खटल्यांची कागदपत्रे न्यायालये ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात. तसे झाले असल्यास अभिलेख उपलब्ध नसल्याचा लेखी दाखला त्याच न्यायालयाच्या कार्यालयातून मागावा. तो मिळविण्यास कित्येकदा अनेक खेपा घालाव्या लागतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वीच या कामाला लागावे.