पाचवा माणूस

माझे वडील भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत होते. निर्माणी १९६४ची, काम स्फोटकांचं. गेटवर काडेपेटी-बिडी जमा करायची आणि मगच आत. आतलं काही ते घरी बोलत नसत. एकदाच बोलले. प्रत्येक इमारतीच्या दाराशी पाटी असते म्हणाले, आत जास्तीत जास्त माणसं किती आणि माल किती. ‘मॅन लिमिट चार असली तर पाचवा नाही. साहेब असो, नाहीतर साहेबाचा बाप. एक बाहेर आला की दुसरा आत.’

मी पुढे नागपूरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं व्यवस्थापनात काढली. तिथे अशी पाटी कुठेच नव्हती. जे शिकलो ते बहुतेक चुकल्यावर शिकलो.

१. लेखी देता येत नाही ते फोनवर सांगू नये.

व्यवस्थापकाचा आवडता शब्द म्हणजे ‘ॲडजस्ट करा’. रात्री अकराला नवजात विभागातून फोन आला. बाळांना ऊब देणारे वॉर्मर सगळे भरलेले, त्यात गोंदियाकडून एक बाळ येऊन बसलेलं. मेडिकल, मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत जागा नव्हती. मी म्हणालो, एका वॉर्मरवर दोघांना घ्या. पलीकडची सिस्टर शांतपणे म्हणाली, ‘सर, तेवढं लिहून पाठवता?’ मी विषय बदलला. तिने बाळ घेतलं, सगळं निभावलंही. काही बिघडलं असतं तर रजिस्टरवर तिची सही होती, माझी कुठेच नव्हती. बाळाला परत पाठवायला हवं होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण एक ओळ लिहून द्यायला मला दोन मिनिटं लागली असती.

२. रात्रपाळीच्या माणसाला आपण काय देऊन घरी जातो, ते पाहावं.

९ जानेवारी २०२१ची पहाट भंडाऱ्यात कोणी विसरणार नाही. जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात आग लागली. आत सतरा बाळं होती. सात वाचली, दहा गेली, त्यातली बरीचशी धुराने गुदमरून. पुढे जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, कंत्राटी परिचारिकांची नोकरी गेली आणि दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. अग्निसुरक्षेच्या कामाचा प्रस्ताव आधीच वर गेला होता आणि तिथेच अडकला होता, हेही बाहेर आलं. कोण किती दोषी ते ठरवणारा मी कोण? पण बातमी वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे माझंच टेबल आलं. ‘निधी उपलब्ध होताच विचार करण्यात येईल’ हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलंय की झोपेतही शुद्ध लिहीन. फाईल थांबवणाऱ्याला धूर दिसत नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारला आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला. दोन्हीकडे माणसं गेली.

३. कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, ते स्वतः पाहावं.

आपल्याकडे अग्निसुरक्षेचा कायदा २००६चा आहे. इमारतीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावा लागतो. आम्ही तो कधी चुकवला नाही. नळकांडी, पाइप, भोंगे, सगळं जागच्या जागी. फक्त तिसऱ्या मजल्याच्या मागच्या जिन्याच्या दाराला साखळी आणि कुलूप होतं. का, तर तिथून चादरी चोरीला जात आणि नातेवाईक पास न घेता वर येत. साखळी लावा असं मीच सांगितलं होतं. भंडाऱ्याच्या घटनेनंतर आठवड्याने वर गेलो आणि किल्ली मागितली. वॉचमन मामांनी ती कमरेच्या करगोट्यातून सोडवून दिली. ‘आणि तुम्ही सुट्टीवर असता तेव्हा?’ विचारलं, तर म्हणाले, ‘तेव्हाही माझ्यापाशीच असते साहेब. हरवली तर तुम्ही पैसे कापता ना!’

साखळी त्याच दिवशी काढली. नंतर वर्षभरात चादरी किती गेल्या ते मी मोजलं नाही. हिशेबनीसाने मोजल्या, पण ते जाऊ द्या.

४. ‘खाटा भरल्या आहेत’ हे वाक्य तपासून बोलावं.

ट्रस्टच्या दवाखान्यात दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना आहे ही. विश्वस्तांपैकी कोणाचा पाहुणा येईल म्हणून आमच्या दोन खाटा नेहमी ‘राखीव’ असायच्या. पवनीकडचा एक धानवाला शेतकरी बापाला घेऊन आला. काउंटरवरच्या पोरीने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. ती म्हणाली, ‘काका, भरल्या.’ खोटं मी बोललो आणि तोंड तिचं वापरलं. तो काही न बोलता शिधापत्रिका परत प्लास्टिकच्या पिशवीत घालत होता. ती पिशवी अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

५. बिलापायी मृतदेह अडवू नये. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेतही हे आहे. हे लिहावं लागतं, हीच शरमेची गोष्ट.

६. आत माणसं किती, ते माहीत असावं.

२४ जानेवारी २०२५ला सकाळी निर्माणीत स्फोट झाला. कामगार गेले. तोवर निवृत्त होऊन मी जवाहरनगरलाच राहायला आलो होतो. आवाजाने खिडक्या थरथरल्या आणि गल्लीतली माणसं बाहेर धावली. प्रत्येकाच्या तोंडी एकच, ‘कोणतं सेक्शन? आत किती होते?’ वडिलांची पाटी आठवली. पाटीने स्फोट टळत नाही, हे त्या दिवशी पाहिलं.

आठवली ती दवाखान्यातली आमची पहिली अग्निशमन कवायतही. भोंगा वाजवला आणि तिसरा मजला खाली उतरवला. रजिस्टरप्रमाणे रुग्ण आणि कर्मचारी मिळून एकतीस. खाली अंगणात मी बोट नाचवत मोजले, चव्वेचाळीस निघाले. खाटांखाली झोपणारे नातेवाईक, ड्युटी संपूनही थांबलेल्या दोन मावश्या आणि हातात किटली धरून उभा असलेला, चहा घेऊन वर आलेला पोरगा. तो कोणत्याच यादीत नव्हता.