मोगरी कुठे लावायची

आषाढी एकादशीला जळगावच्या पिंप्राळ्याचा रथ निघतो तेव्हा दोराला हात लावायला झुंबड उडते. रथ वळवतात मात्र चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडी पाचर, लावणारी मोजकी माणसं. विद्यापीठाच्या कारभारात प्राध्यापकाचं काम या मोगरीवाल्यांचं आहे. संलग्न महाविद्यालयात नुकतंच कायम झालेल्यांसाठी ही कृती.

आपलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ (उमवि) १९९० साली पुणे विद्यापीठापासून वेगळं झालं आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव लावतं. त्याचा कारभार २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने चालतो. त्याची मराठी प्रत मिळवा आणि थेट कलम ९७ उघडा.

पण आधी आपल्या नेमणुकीचं विद्यापीठ मान्यतेचं पत्र फाइलीत आहे का ते बघा. विद्यापीठाच्या निवडणुकांच्या मतदारयादीत नाव यायला तेच लागतं. तात्पुरती यादी लागली की स्वतः वाचा. नाव, प्रवर्ग, विद्याशाखा चुकली असेल तर मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. (तासिका तत्त्वावरचे सहकारी तेवढेच तास घेतात, तेच पेपर तपासतात, पण या यादीबाहेर राहतात. हे मला कधीच पटलेलं नाही.)

आता कलम ९७, म्हणजे महाविद्यालय विकास समिती. स्टाफरूममध्ये हिला सीडीसी म्हणतात. सगळ्यांचा डोळा विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) असतो. माझं ऐका, सुरुवात इथून करा. हिच्यावर ३ शिक्षक निवडून जातात, त्यांत किमान १ महिला. वर्षातून किमान ४ सभा व्हायला हव्यात. महाविद्यालयाचं अंदाजपत्रक इथे तयार होतं, नवे अभ्यासक्रम इथूनच सुचवले जातात. निवडणूक ‘सर्वानुमते’ उरकायचा घाट असेल तर शांतपणे अर्ज भरा.

निवडून आलात की खरं काम इतिवृत्ताचं. आपला विषय प्राचार्यांकडे सभेच्या बऱ्याच आधी लेखी द्या. ‘आयत्या वेळचे विषय’ येईपर्यंत चहा आलेला असतो आणि अध्यक्षांना दुसरीकडे जायचं असतं. मागणी मोघम नको. ‘प्रयोगशाळा सुधारावी’ असं लिहिण्याऐवजी किती सूक्ष्मदर्शकं, किती रुपये, कोणत्या शीर्षाखाली ते लिहा. सोबत ठरावाचा मसुदाही द्या. सभेत स्वतःची टिपणं काढा. पुढे इतिवृत्त येईल, त्यात ‘सविस्तर चर्चा झाली’ असं असेल तर समजा की काहीच झालं नाही. कोणी, काय, कधीपर्यंत करायचं, एवढं आलंच पाहिजे. पुढच्या सभेत पहिला विषय मागील इतिवृत्त कायम करण्याचा असतो. दुरुस्ती तिथेच मांडा, कारण नंतर कागदच खरा ठरतो.

मग विषयाचा अभ्यासक्रम ठरवणारं विद्यापीठाचं अभ्यास मंडळ. त्यावर महाविद्यालयांतले ३ विभागप्रमुख निवडून जातात. तुम्ही विभागप्रमुख नसाल तरी अध्यक्षांना पत्र लिहायला कुणाची आडकाठी नाही. कोणत्या घटकाला दिलेले तास पुरत नाहीत, कोणतं संदर्भपुस्तक आता बाजारात मिळत नाही, हे वर्गात उभं राहणाऱ्यालाच ठाऊक असतं. धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयांतल्या दोघा-तिघा सहकाऱ्यांच्या सह्या घेतल्यात तर पत्राला वजन येतं.

शेवटी अधिसभा. तिच्यावर महाविद्यालयीन शिक्षकांच्या १० जागा; ५ खुल्या, ५ राखीव. मत पसंतीक्रमाने द्यायचं: १, २, ३ असे आकडे. बरोबरची खूण केलीत की मत बाद. खुल्या ५ जागांसाठी समजा ६०० मतं वैध ठरली, तर ६०० भागिले ६ (जागांपेक्षा एक जास्त), त्यात अधिक १, म्हणजे निवडून यायला १०१ मतांचा कोटा. विजयी उमेदवाराची कोट्यावरची मतं आणि बाद झालेल्याची मतं पुढच्या पसंतीला सरकतात, म्हणून पहिल्या पसंतीवर थांबू नका.

निवडून गेलेल्याला मग मोकळं सोडू नका. वार्षिक अंदाजपत्रक अधिसभेपुढे येतं. त्याआधी आपला प्रश्न आकड्यांसह त्याच्या हातात द्या, आणि परत आल्यावर उत्तराची प्रत मागा.