बंगालची हाक

१९४३ साली बंगालवर दुष्काळाचे भीषण संकट कोसळले. दुसरे महायुद्ध चालू होते. ब्रह्मदेश जपानने जिंकल्यामुळे तेथून येणारा तांदूळ बंद झाला होता. शत्रूच्या भीतीने सरकारने किनाऱ्यावरील हजारो होड्या काढून घेतल्या होत्या. त्यातच १९४२ च्या ऑक्टोबरात मिदनापूर भागाला चक्रीवादळाने झोडपले. साठेबाजांनी कोठारे भरली आणि तांदूळ गरिबांना मिळेनासा झाला. शेतमजूर, कोळी, कारागीर घरेदारे सोडून कलकत्त्याच्या रस्त्यांवर आले. उपासमारीने व रोगराईने २० ते ३० लाख माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज आहे.

एवढा मोठा आकडा ऐकून मन सुन्न होते. पण सुन्न झालेले मन मदतीला धावतेच असे नाही. दूरच्या प्रांतांतील लोकांना हे दुःख आपले कसे वाटावे? काही तरुण कलावंतांनी याचे उत्तर गीतात आणि नृत्यात शोधले. बिनय राय यांच्या नेतृत्वाखाली बंगाली कलावंतांचे पथक मदत गोळा करीत इतर प्रांतांत हिंडले. ज्यांना त्यांची भाषा कळत नव्हती, त्यांनाही वाकलेली पाठ आणि पसरलेले रिकामे हात यांचा अर्थ सांगावा लागत नव्हता.

महाराष्ट्रही मागे राहिला नाही. वाटेगावाहून मुंबईस येऊन गिरणीत राबलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला. डफाच्या थापेवर वीरांचे पराक्रम गाणारा पोवाडा आता भुकेल्या बांधवांची व्यथा गाऊ लागला. अण्णा भाऊंनी स्वतः दारिद्र्य भोगले होते. म्हणूनच शेकडो कोसांवरची भूक त्यांना परकी वाटली नाही.

गाण्याने उपाशी माणसाचे पोट भरत नाही. नृत्याने गेलेला जीव परत येत नाही. हे त्या कलावंतांनाही ठाऊक होते. म्हणून त्यांनी गाण्याबरोबर मदतीची झोळीही पुढे केली. परंतु आधी हृदय उघडते, मगच मूठ उघडते. एकट्याचे रडणे घराच्या भिंतींत विरून जाते. अनेकांनी एका तालावर गाइलेले दुःख मात्र दूरवर पोहोचते आणि परक्यांनाही आप्त बनविते.

स्वाध्याय
१. बंगालमधील दुष्काळाची कारणे सांगा.
२. ‘आधी हृदय उघडते, मगच मूठ उघडते’, या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.