वर्गात गप्प, वहीत हुशार

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. गणित उत्तम, पण वर्गात तोंड उघडत नाही. बाई म्हणतात, 'सहभाग कमी.' काय करू?

उत्तर : ताई, काही मुलं उत्तर मनात पूर्ण तपासल्याशिवाय बोलत नाहीत, आणि वर्गात तेवढी उसंतच नसते. अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांना १९७०च्या दशकात आढळलं, की प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले, तर उत्तरं सविस्तर येतात, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. बाईंना हे जरूर सांगा. उत्तर आधी वहीत लिहू द्या, अशीही विनंती करा. पाहुण्यांसमोर 'बोल ना गं' मात्र नको. त्यानं ती आणखी मिटेल. शाळेच्या नावानंच पोट दुखत असेल, तर तो स्वभाव नव्हे, भीती असू शकते. मग समुपदेशकांना भेटाच.