तळघराची अभ्यासिका : ओल, वारा आणि संगणकाची तार

जुन्या वाड्यातील तळघर ही आपल्या पूर्वजांनी विचारपूर्वक केलेली सोय होती. वैशाखाच्या भर दुपारी तेथे गारवा मिळे. धान्य, तूप, भांडीकुंडी व दस्तऐवजांच्या पेट्या तेथे ठेवल्या जात. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा येथील जुन्या वाड्यांत अशी तळघरे आजही आढळतात. गोव्यात व खानापूरच्या बाजूस डोंगरउतारावर बांधलेल्या घरांत जोत्याखालचा अर्धा मजला असतो, त्याचेही स्वरूप पुष्कळसे असेच असते. यांपैकी अनेक जागा आज केवळ अडगळीच्या झाल्या आहेत. उलट, घरातील मुलांना अभ्यासासाठी आणि मोठ्यांना संगणकावरील कामासाठी शांत खोली हवी असते. तळघराची अशी अभ्यासिका करणे आणि तेथपर्यंत संगणक-जाळ्याची तार स्वतः नेणे, ही दोन्ही कामे साधारण हातगुण असलेल्या गृहस्थाला जमण्यासारखी आहेत. मात्र त्यांचा क्रम चुकू नये, आणि कोणते काम स्वतः करावे व कोणते जाणकाराकडे सोपवावे याचा विवेक सुटू नये.

१. प्रवेशापूर्वीची दक्षता

वर्षानुवर्षे बंद असलेल्या तळघरात एकदम उतरू नये. पेवात उतरलेला माणूस गुदमरून दगावल्याच्या गोष्टी खेडोपाडी सर्वांनी ऐकलेल्या असतात. साठवलेले धान्यही श्वसन करते. ते हवेतील प्राणवायू वापरते व कर्बवायू सोडते. हा वायू हवेहून जड असल्याने तळाशी साचून राहतो. म्हणून दार व झरोके उघडून जागा काही तास मोकळी ठेवावी आणि उतरताना दुसरा माणूस वर दाराशी उभा असावा. आतला माणूस कोसळल्यास वरच्याने धावत खाली जाऊ नये. मदतीस हाक मारावी. दिवा जळतो म्हणजे हवा शुद्ध आहे असे समजणे धोक्याचे आहे, कारण सर्वच विषारी वायूंनी ज्योत विझत नाही. त्याच कारणाने तळघरात जनरेटर अथवा कोळशाची शेगडी कधीही चालवू नये.

२. आधी ओल, मग रंग

तळघर सजविण्याच्या घाईत लोक प्रथम रंग काढतात. एक पावसाळा गेला की त्याचे पोपडे सुटतात. ओल कोठून येते हे ओळखल्यावाचून केलेला खर्च वाया जातो. ओल तीन मार्गांनी येते : जमिनीतील पाणी भिंतीच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते, बाहेरचे पावसाचे पाणी भिंतीतून झिरपते, किंवा दमट हवा थंड भिंतीला लागून तिचे थेंब होतात. यांतील भेद ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. हातभर लांबीरुंदीचा प्लास्टिकचा कागद भिंतीवर ठेवून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात. दोन दिवसांनी कागदाच्या आतल्या बाजूस पाणी दिसल्यास ओल भिंतीतून येत आहे. बाहेरच्या बाजूस दिसल्यास ती हवेतील आहे.

भिंतीतील ओलीवर उपाय बहुधा घराबाहेरच करावा लागतो. पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडू न देता पन्हळीने दूर न्यावे. भिंतीलगतच्या जमिनीला बाहेरच्या दिशेने उतार द्यावा. न्हाणीघराची मोरी गळत असल्यास ती आधी दुरुस्त करावी. माळव्यातील काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तेथे भिंतीच्या पायथ्याशी पाणी मुरू देणे पायालाही बाधक ठरते.

जुन्या दगडविटांच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करण्याची चाल पडली आहे, ती तळघरात बहुधा अपायकारक ठरते. चुन्याच्या गिलाव्यातून ओल हळूहळू बाहेर पडून वाळते. सिमेंटच्या कठीण थरामागे ती कोंडली जाते आणि भिंतीत आणखी वर चढते. म्हणून फुगलेला, पोकळ वाजणारा गिलावा काढून, सांधे मोकळे करून, भिंतीला काही महिने वाळू द्यावे व मग चुन्याचाच गिलावा आणि चुन्याचीच सफेदी करावी. हे काम चुना जाणणाऱ्या गवंड्याकडून करून घेणे इष्ट होय. कळीचा चुना विरवताना तो उकळतो व उडतो. डोळ्यांस चष्मा व हातांस मोजे असल्यावाचून त्याजवळ जाऊ नये.

३. वारा, उंची आणि पाया

समोरासमोरच्या भिंतींत एक झरोका खाली व एक वर असल्यास हवा खेळती राहते. परंतु पावसाळ्यात दिवसभर झरोके उघडे ठेवल्याने तळघर कोरडे होते हा समज बरोबर नाही. बाहेरची उष्ण दमट हवा आतल्या गार भिंतीला लागली की भिंत उलट घामेजते. कोरड्या दिवसांत झरोके मोकळे ठेवावेत आणि झडीच्या दिवसांत ते आवरून आतला पंखा चालवावा.

बसण्याउठण्याच्या तळघराची उंची किमान २.४ मीटर, म्हणजे सुमारे आठ फूट असावी. उंची कमी पडते म्हणून जमीन खोदण्याचा मोह होतो. तो मात्र कटाक्षाने टाळावा. जुन्या भिंतींचा पाया पुष्कळदा फार खोल नसतो. त्याच्या तळापर्यंत किंवा त्याखाली खोदल्यास पायाचा आधार सुटून वरची भिंत खचू शकते. भिंतीला नवे भगदाड पाडणे किंवा तुळई हलविणे हीदेखील अभियंत्यास दाखवल्यावाचून करण्याची कामे नव्हेत. एकच अरुंद जिना असलेल्या तळघरात कोणीही झोपू नये. आग लागल्यास सुटकेचा मार्ग उरत नाही.

४. वीज

आपल्या घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो आणि ओलसर जागी तिचा धक्का प्राणघातक ठरतो. म्हणून तळघरातील विजेचे वायरिंग परवानाधारक वीजतंत्र्याकडूनच करून घ्यावे. आपण तीन गोष्टींचा आग्रह धरावा : अर्थिंग व्यवस्थित असावे व ते मोजून दाखवावे, ३० मिलीअँपिअर गळतीला वीज तोडणारा आर.सी.सी.बी. बसवावा, आणि सॉकेट जमिनीपासून पुरेसे उंच असावेत. वडोदऱ्यास २०१९ व २०२४ साली आलेल्या पुराचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. पाणी शिरण्याचा संभव असलेल्या घरात संगणक-जाळ्याची मुख्य यंत्रे तळघरात न ठेवता वरच्या मजल्यावरच ठेवावीत. तळघरात केवळ तारेचे टोक जावे.

५. तार कशासाठी?

वायफाय असताना तार कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. रेडिओलहरी दगडामातीच्या जाड भिंतीतून जाताना क्षीण होतात. भिंत ओली असल्यास आणखीच. दोन फूट रुंदीच्या भिंती व मध्ये फरशीचा मजला असलेल्या तळघरात वरच्या खोलीतील राउटरची लहर अनेकदा पोहोचत नाही. तार मात्र भिंतीची पर्वा करीत नाही. शिवाय तारेच्या टोकाशी एक लहानसे वायफाय यंत्र जोडले की तळघरातही बिनतारी सोय होते.

या तारेच्या पद्धतीला ईथरनेट म्हणतात. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये तिची कल्पना मांडली आणि १९८३ मध्ये तिचे प्रमाणक ठरले. खेड्यापाड्यांपर्यंत काचतंतूची तार नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केली. २०१५ पासून ती भारतनेट या नावाने ओळखली जाते. गावापर्यंत आलेल्या अशा तारेचा लाभ घरातील प्रत्येक खोलीस मिळवून देणे हे पुढचे काम गृहस्थाचे.

६. मोजणी आणि मांडणी

घरासाठी कॅट ६ जातीची केबल योग्य होय. तिच्या आत पीळ घातलेल्या चार जोड्या, म्हणजे आठ तारा असतात. पिळामुळे बाहेरचा विद्युत-उपद्रव दोन्ही तारांवर सारखा पडतो व तो वजा करता येतो. केबल शुद्ध तांब्याचीच घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण ती ठिसूळ असते व दमट हवेत तिची टोके लवकर खराब होतात. चाकूने तार खरवडून पाहावी. आत रुपेरी रंग दिसल्यास ती परत करावी.

एक उदाहरण घेऊ. राउटर माजघरात आहे. तळघराचे ठिकाण आडवे २२ फूट व उभे ११ फूट अंतरावर आहे. दोन्ही टोकांस तीन-तीन फूट वाढावा धरून ३९ फूट होतात. तळघरात दोन केबली न्याव्यात, कारण एक बिघडल्यास दुसरी कामास येते. म्हणजे ७८ फूट. माडीवरील खोलीस १८ + १४ + ६ = ३८ फूट, ओसरीवरील खोलीस ३० + १० + ६ = ४६ फूट. एकूण १६२ फूट. त्यावर दशांश वाढ धरून सुमारे १७८ फूट, म्हणजे ५५ मीटर केबल आणावी. कोणतीही एक केबल जोडतारांसह १०० मीटरपेक्षा लांब असू नये ही तांत्रिक मर्यादा आहे; घरात ती क्वचितच आड येते.

विजेची तार व ही केबल एकाच नळीतून नेऊ नये. समांतर न्यावयाच्या असल्यास त्यांत वीतभर तरी अंतर ठेवावे आणि ओलांडणे भागच असल्यास काटकोनात ओलांडावे. केबल एक इंचापेक्षा लहान गोलाईत वाकवू नये, जोराने ओढू नये, खिळ्याने आवळू नये. जाड भिंतीला खाचा पाडण्यापेक्षा प्लास्टिकची नळी भिंतीवरून उघडी नेणे बरे. ओल आल्यास तपासता येते व पुढे केबल बदलता येते. दोन स्वतंत्र इमारतींत, जसे घर व गोठा, तांब्याची केबल ताणू नये. वीज कडाडली असता तिच्यातून विद्युत-लाट घरात येते. तेथे काचतंतू वापरावा. काचतंतूच्या उघड्या टोकात मात्र डोळा लावून पाहू नये; त्यातील प्रकाश दिसत नाही, पण इजा करू शकतो.

७. टोक बांधणे व पारख

आर.जे. ४५ नावाच्या प्लगमध्ये आठ तारा ठरावीक क्रमाने बसवाव्या लागतात. खिट्टी खाली व प्लगचे तोंड पलीकडे धरून डावीकडून क्रम असा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांस हाच क्रम ठेवावा. पीळ अर्ध्या इंचाहून अधिक उलगडू नये आणि केबलचे बाहेरचे आवरण प्लगच्या आत दाबले जावे, म्हणजे ओढ तारांवर येत नाही.

तपासणी-यंत्राचे आठही दिवे क्रमाने लागले की तारा जुळल्या असे समजावे. तरीही संगणकावर वेग पाहावा. १००० च्या ऐवजी १०० मेगाबिट एवढाच वेग दिसल्यास, यंत्रे अधिक वेगाची असूनही एखादी जोडी तुटली किंवा सैल बसली आहे असे बहुधा निघते. कारण शंभराच्या वेगास दोन जोड्या पुरतात, हजाराच्या वेगास चारही लागतात. अशा वेळी नवी केबल आणण्यापूर्वी टोक कापून पुन्हा बांधावे. शिक्षकांनी वीतभर केबल वर्गात उघडून हा भाग विद्यार्थ्यांकडून करवून घेण्यासारखा आहे.

शेवटी, प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांस एकच क्रमांक लिहावा आणि ती कोणत्या भिंतीतून, किती उंचीवरून गेली याचा नकाशा कागदावर काढून तो घराच्या दस्तऐवजांत ठेवावा. दहा वर्षांनी त्या भिंतीत खुंटी ठोकणाऱ्यास हा नकाशा उपयोगी पडेल.