रस्त्याकडेची झाडे : सावली, माती व पाणी

मराठवाड्याची भारी काळी जमीन झाडांना पोसते खरी. परंतु शहरात रस्त्याकडेला झाड वाढविताना हीच जमीन कसोटी पाहते, हे नांदेड व लातूर येथील नागरिकांनी ध्यानी घ्यावयास हवे. चैत्र-वैशाखात तिला भेगा पडतात व कोवळ्या रोपांच्या मुळ्या तुटून उघड्या पडतात. पावसाळ्यात लावलेली रोपे पुढील उन्हाळ्यात मरतात, त्याचे हे एक कारण होय. यास्तव ३ फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन मातीत मुरूम व कुजलेले शेणखत मिसळावे आणि आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन करावे.

सावली कोणत्या महिन्यात हवी, याचा विचार झाडाची निवड करताना क्वचितच होतो. मादागास्करहून आलेला गुलमोहर शोभिवंत खरा, पण ऐन उन्हाच्या तोंडाशी तो बोडका असतो आणि मुळे उथळ असल्याने वळवाच्या वाऱ्यात उन्मळतो. कडुनिंबाची पानगळ फाल्गुनाच्या सुमारास आटोपते व चैत्रात तो नव्या पालवीने भरून येतो. करंजाचेही तसेच, शिवाय त्याच्या फुलांवर मधमाश्या येतात. चिंच सावकाश वाढते म्हणून तिला कोणी विचारीत नाही. परंतु रुंद रस्त्यास तिच्यासारखे दीर्घायुषी झाड विरळाच. कोनोकार्पस मात्र टाळावा. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीस बंदी केली आहे.

डांबर व सिमेंट दिवसा तापतात आणि ती उष्णता रात्री बाहेर टाकतात. झाडाची सावली त्यांस फारसे तापू देत नाही, व पानांतील बाष्पोच्छ्वासाने भोवतालची हवा निवते. मात्र त्यासाठी मुळांशी ओल हवी. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पोचलेल्या पहिल्या गाडीत सुमारे ५ लक्ष लिटर पाणी होते. अशा गावी पावसाचे पाणी फरशीवरून गटारात जावे व शेजारचे झाड तहानेने वाळावे, हे मनास पटत नाही.

एका कार्यालयापुढील जुन्या निंबाभोवती अगदी बुंध्यापर्यंत फरसबंदी केलेली प्रस्तुत लेखकाने पाहिली आहे. तिसऱ्या वर्षी त्याचा शेंडा वाळला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे १ मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. आपणही नगरपालिकेस वा महानगरपालिकेस कळवून तेवढी जागा मोकळी करून घ्यावी. फरशी पहारीने हलकेच उचलावी, मुळ्यांस इजा होऊ देऊ नये, आणि आळे रस्त्याहून थोडे खोलगट ठेवावे. हे काम मृगापूर्वी उरकलेले बरे.